बायपास शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तवाहिन्या आणि विषाणूसंसर्ग

प्रस्तावना :

बायपास झाली म्हणजे हृदय 'नवे' झाले, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वस्तुतः या शस्त्रक्रियेने मूळ रोग जात नाही. अरुंद झालेल्या करोनरी धमनीला वळसा घालून रक्ताला दुसरी वाट करून दिली जाते. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये कार्यरत असलेले अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायातील सॅफेनस शीर वापरून ही पद्धती रूढ केली. छातीतील मॅमरी धमनी जोडली असता ती दहा वर्षांनंतरही बहुतांश रुग्णांत खुली राहते. पायातील शिरांपैकी मात्र जवळपास निम्म्या तोवर बंद पडतात. या ऱ्हासात विषाणूंचा काही वाटा आहे काय, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शिरेवर काय ओढवते?

शीर ही मंद दाबाची वाहिनी. धमनीच्या जागी जोडताच तिला कित्येक पट अधिक दाब सोसावा लागतो. काढताना व जोडताना तिच्या आतील नाजूक अंतःस्तरालाही इजा होते. पहिल्या महिन्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पुढे वर्षभर भिंतीतील स्नायुपेशी आतल्या बाजूस सरकून वाढतात व भिंत जाड होते. त्यानंतर तेथे मेद साचू लागतो.

विषाणूंचा संबंध :

हा विचार नवा नाही. कॅथरीन फॅब्रिकंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कोंबड्यांना मारेक रोगाच्या हर्पीस विषाणूची लागण करून त्यांच्या धमन्यांत माणसासारखाच मेदविकार उत्पन्न झाल्याचे दाखविले. मानवात याच कुळातील सायटोमेगॅलो विषाणू महत्त्वाचा ठरतो. भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात तो सुप्तावस्थेत असतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की पुन्हा जागा होतो. मोठी शस्त्रक्रिया व अतिदक्षता विभागातील वास्तव्य हे असेच प्रसंग होत. जागृत विषाणूचे एक प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या पी-५३ प्रथिनास निष्प्रभ करते. दुसरे, यूएस-२८ नावाचे, स्नायुपेशींना स्थलांतरास प्रवृत्त करते. म्हणजे जोडलेल्या शिरेत जे आधीच घडत असते, त्यालाच चालना मिळते.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करोनरी धमनीतील मेद कापून काढलेल्या ७५ रुग्णांची पाहणी करण्यात आली. पूर्वी या विषाणूची लागण झालेल्यांपैकी ४३ टक्के रुग्णांत धमनी पुन्हा अरुंद झाली. लागण न झालेल्यांत हे प्रमाण केवळ ८ टक्के होते. आकडे बोलके असले तरी संख्या लहान आहे. शिवाय हा अभ्यास धमनीचा आहे, बायपासच्या शिरेचा नव्हे. तेथील थेट पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. साहचर्य म्हणजे कारण नव्हे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे विसरू नये.

फ्लू आणि कोविड :

इन्फ्लुएन्झाबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील २०१८ च्या अभ्यासानुसार फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. तापात शरीरभर दाह वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते आणि हृदयावर भार येतो. आधीच अरुंद झालेली जोडशीर अशा वेळी बंद पडू शकते. कोविडचा विषाणू करोनरी धमनीतील मेदाच्या थरातील भक्षकपेशींत शिरतो, असे २०२३ मध्ये दिसून आले. 'साधा ताप' म्हणून दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडील सवय बायपास झालेल्या रुग्णाला म्हणूनच महागात पडू शकते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ देशांतील चाचणीत बहुतांशी नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांचा समावेश होता. मृत्यू, पुन्हा झटका वा स्टेंटमध्ये गुठळी यांचे वर्षभरातील एकत्रित प्रमाण लस न मिळालेल्या गटात ७.२ टक्के, तर फ्लूची लस मिळालेल्या गटात ५.३ टक्के होते. ही लस दरवर्षी घ्यावी लागते. शस्त्रक्रियेनंतर ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. अर्थात लस घेतली म्हणून ऍस्पिरिन व स्टॅटिन परस्पर बंद करावे, असे यातून मुळीच निष्पन्न होत नाही.