तळहाताचा दाब

छातीवर हातांनी दाब देऊन मेंदूकडे रक्त वाहते ठेवणे, हे सीपीआरचे मुख्य काम. थांबलेले हृदय केवळ दाबांनी क्वचितच पुन्हा चालू लागते. विस्कटलेली लय ताळ्यावर आणायला विजेचा झटका लागतो. तो मिळेपर्यंतची मिनिटे दाबांनी निभवायची असतात. छाती न उघडता हृदय दाबण्याची ही पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली मांडली. त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंद लेर्दाल यांनी सरावासाठी ‘रेसुसी ॲन’ हा पुतळा तयार केला. आजही शिकणारे अशाच पुतळ्यापुढे गुडघे टेकतात.

सुरुवात हाकेने होते. खांदे थोपटून मोठ्याने विचारायचे. उत्तर नाही, तर समोरच्या एकाच माणसाकडे बोट दाखवून त्याला १०८ ला फोन करायला सांगायचे. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटले की कुणीच करत नाही. मग श्वास पाहायचा, तोही दहा सेकंदांच्या आत. इथेच फसगत होते. हृदय बंद पडल्यावरही काही जण थोडा वेळ थांबून थांबून आचके देतात. तो श्वास समजून बघे हातावर हात ठेवून बसतात आणि हाताशी असलेला वेळ निघून जातो.

दाब द्यायची जागा छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग. एका तळहाताची टाच तिथे, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडातून नव्हे, कमरेपासून पुढे झुकणाऱ्या अंगाच्या वजनातून यायला हवा. प्रौढ माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे, ६ च्या पुढे नको. वेग मिनिटाला १०० ते १२०. नवख्याचा हात बरगडी मोडण्याच्या भीतीने वरवर पडतो. बरगडी मोडूही शकते, पण ती पुढे सांधते. दुसरी चूक डोळ्यांना सहज दिसत नाही: दाब दिल्यावर वजन पुरते न उचलणे. छाती पूर्ण वर आली तरच हृदयात रक्त भरते, म्हणून हे रेलणे उथळ दाबाइतकेच वाईट. कळ बसवलेल्या पुतळ्यात पुरेसा दाब पडला की ‘टक’ वाजते. रेलणे मात्र शिक्षकालाच टिपावे लागते. मोठ्याने मोजायची अनेकांना लाज वाटते, पण न मोजणाऱ्याचा वेग हमखास भरकटतो. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमल्याचे देणाऱ्याला कळण्याआधीच दाब उथळ झालेले असतात.

प्रशिक्षित माणूस ३० दाबांनंतर दोन श्वास देतो. सामान्य नागरिकांसाठी भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने फक्त दाबांची सोपी पद्धत आखली आहे. मात्र विहिरीत, शेततळ्यात बुडालेल्यांना आणि लहान मुलांना श्वासही हवेत. तिथे मूळ अडचण प्राणवायूचीच असते.

हे सगळे शिकायला एक दिवस पुरतो. विसरायलाही फार काळ लागत नाही. प्रमाणपत्र बहुधा दोन वर्षे चालते, हातांचे कौशल्य तीन ते सहा महिन्यांतच घसरू लागते. पायऱ्या तोंडपाठ राहतात, खोली आणि वेग जातात. म्हणून दोन वर्षांनी पूर्ण दिवस बसण्यापेक्षा दर तिमाहीला पुतळ्यावर काही मिनिटे घालवणे अधिक उपयोगी. कारखाने अधिनियम, १९४८ ने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस बंधनकारक केला. त्या माणसाने शेवटचा सराव कधी केला, हे प्रमाणपत्र पाहून कळत नाही.

उजळणीत जुने पुसावेही लागते. १५ दाबांमागे दोन श्वास हे प्रमाण २००५ मध्ये बदलले. ‘आधी श्वासमार्ग, मग दाब’ हा क्रम २०१० मध्ये उलटला. सर्पदंशावर चीर देणे आणि घट्ट आवळपट्टी बांधणे आता निषिद्ध आहे. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद नाही, तर सुमारे वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. झटका देणाऱ्या एईडी यंत्राचीही तपासणी याच वेळी उरकावी: त्याच्या चिकटपट्ट्यांवरचा जेल वाळतो, बॅटरी उतरते, आणि दोन्हींवर मुदतीची तारीख छापलेली असते.