पुन्हा पुन्हा डोस कशाला?

“तीनदा पाजलं की हो बाई पोराला! आता परत कशाला आलात?”

पोलिओचे थेंब घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायांना हा सवाल वर्षानुवर्षे ऐकावा लागला. सवाल वावगा नाही. थंड हवेच्या श्रीमंत देशांत मुलांना तीन-चार डोस पुरले. मग आमच्याच पोरांना दहा-दहा डोस का? लस पाणचट होती काय? तसे नव्हते. मग गोम कुठे होती, ते पाहू.

पोलिओचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो माणसाच्या आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. उघड्यावरच्या घाणीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून तो दुसऱ्या मुलाच्या तोंडात जातो. २०० मुलांना लागण झाली, तर त्यातले एखादेच पांगळे होते. बाकीची हसतखेळत असतात. पण रोग पसरवीत असतात! म्हणून एक पोर लुळे पडले, की समजावे, विषाणू गावात कधीचाच येऊन बसला आहे.

या रोगावर दोन तऱ्हेच्या लसी निघाल्या. अमेरिकेत डॉ. साल्क यांनी टोचायची लस काढली. ती १९५५ साली वापरात आली. नंतर डॉ. सेबिन यांनी तोंडाने पाजायची लस काढली. तेच आपले दोन थेंब. या थेंबांत पोलिओचाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. तो आतड्यात जाऊन थोडा वाढतो. शरीर त्याला ओळखून ठेवते. पुढे खरा विषाणू आला, तर त्याला आतड्यातच अडविते. गावाच्या वेशीवर जागल्या बसवावा, तसे हे आहे.

पण यात एक अट आहे. थेंबातला विषाणू आतड्यात रुजला पाहिजे. तो रुजलाच नाही, तर जागल्या बसणार कसा?

तमिळनाडूत वेल्लोर येथे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे. तेथील डॉ. टी. जेकब जॉन यांनी डोस घेतलेल्या मुलांचे रक्त तपासले. तीन डोस पोटात गेले होते, तरी बरीच मुले कोरीच राहिली होती. ही गोष्ट त्यांनी १९७२ साली छापून मांडली. आपल्या मुलांना जास्त डोस लागतील, असे ते सांगत राहिले.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. बियाणे एकच, पण एका रानात दाट उगवते आणि दुसऱ्या रानात विरळ. दोष बियाण्याचा नसतो. गरीब वस्तीतल्या मुलाच्या आतड्यात आधीच नाना जंतूंची गर्दी असते. हगवण तर पाठ सोडत नाही. त्या गर्दीत लसीच्या विषाणूला जागा मिळणे कठीण.

किती कठीण, याचा हिशेब २००६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. पोलिओच्या पहिल्या जातीविरुद्ध एक डोस पाजला, तर उत्तर प्रदेशात १०० मुलांमागे सुमारे ९ मुलांना संरक्षण मिळत होते. भारताच्या इतर बऱ्याच भागांत सुमारे २१ मुलांना मिळत होते.

आता आपणच आकडेमोड करू. उत्तर प्रदेशात पहिल्या डोसाला ९ मुले सुरक्षित झाली. उरली ९१. दुसऱ्या डोसाला त्यांतली आठ झाली. तिसऱ्याला सात-आठ. म्हणजे तीन डोस पाजून शंभरातली पंचवीसच मुले सुरक्षित! दहा डोस पाजले, तर साठ-एकसष्ट. त्या दारावरच्या बाईला पुन्हा पुन्हा का यावे लागे, ते या आकड्यांत आहे. पण हे आकडे कोणी आयांना समजावून सांगितले नाहीत. नुसते “पाजा, पाजा” म्हटले. मग संशय वाढणारच. या थेंबांनी मुलांना पुढे मूलबाळ होणार नाही, अशी आवई उठली. ती साफ खोटी होती. पण लोकांनी दारे लावून घेतली. पुढे मशिदींतून इमामांनी आवाहन केले, अलीगढ विद्यापीठाची माणसे घरोघर गेली, तेव्हा कुठे दारे उघडली.

दुसरी एक अडचण थेंबांतच होती. पोलिओच्या तीन जाती आहेत आणि एकाच बाटलीत तिन्ही जातींची लस असे. आतड्यात गेल्यावर त्यांचीच आपसात चुरस लागे. दुसरी जात जोरकस. ती बाकीच्या दोघींना मागे सारी. आणि गंमत पाहा, दुसऱ्या जातीचा खरा विषाणू १९९९ नंतर कुठे आढळलाच नव्हता! म्हणून २००५ साली उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये एकट्या पहिल्या जातीची लस पाजू लागले. तिच्या एका डोसाने १०० मुलांमागे सुमारे ३० मुलांना संरक्षण मिळाले. २०१० साली पहिल्या आणि तिसऱ्या जातीची जोडलस आली.

थेंब पाजले, की पोराच्या डाव्या करंगळीला शाई लावीत. घराच्या भिंतीवर खडूने खूण करीत. एखादे पोर राहिले असेल, तर त्या घराला फुलीची खूण. मग पुन्हा फेरी. रोग चिवटपणे टिकून राहिलेले १०७ विकासगट निवडले. त्यांत उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारातले ४१ होते. कोसी नदीच्या पुराचा मुलूख त्यांतलाच. तेथे थेंबांबरोबर हात धुणे, स्वच्छ पाणी आणि हगवणीवर क्षार-साखरेचे पाणी व जस्ताच्या गोळ्या, असेही काम हाती घेतले. रानही सुधारायला हवे होते ना!

२००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रोगी होते. साऱ्या जगात कोणत्याही देशात इतके नव्हते. २०१० साली ४२ झाले. २०११ साली एकच. त्या वर्षी १३ जानेवारीला पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला रोग झाला. खऱ्या पोलिओचा भारतातला तो शेवटचा रोगी. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तसा दाखला दिला. मात्र पाकिस्तान व अफगाणिस्तानात २०२४ सालीही रोगी सापडले. म्हणून थेंब थांबले नाहीत.

थेंबांची एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांतला विषाणू दुबळा असला तरी जिवंत असतो. लाखो डोसांमागे एखाद्या मुलाला त्यानेच पांगळेपणा येऊ शकतो. टोचायच्या लसीतला विषाणू मेलेला असल्याने तो धोका नसतो. पण ती एकटी दिली, तर मूल पांगळे होत नाही, तरी आतड्याच्या वेशीवर पहारा बसत नाही. मग दोन्ही लसी दिल्या तर? उत्तर प्रदेशातील मुरादाबाद आणि वेल्लोर येथे हे करून पाहिले. आधी थेंब घेतलेल्या मुलांना एक सुई टोचली, तर आतड्यातला पहारा आणखी कडक झाला. हे २०१४ साली जाहीर झाले. २०१५ च्या अखेरीस सुईची लसही सरकारी लसीकरणात आली.

वेल्लोरला आणखी एक प्रयोग झाला. बाळांना आधी जंतुनाशक औषध देऊन मग थेंब पाजले. औषधाने आतड्यातले रोगजंतू कमी झाले. पण लस काही जास्त रुजली नाही! २०१६ साली हा निकाल छापला. म्हणजे सारे खापर जंतूंवरच फोडता येत नाही. विज्ञानात असेही होते.

लहान मुलांची मोठी हगवण रोटा नावाच्या विषाणूने होते. तिची लसही तोंडानेच पाजतात आणि तिचीही तीच तऱ्हा. श्रीमंत देशांत अशा लसीने जोराची हगवण शंभरात पंच्याऐंशीहून अधिक मुलांची टळते. आपल्याकडे दिल्लीच्या एका इस्पितळात नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून देशी लस बनविली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे सुमारे ६,८०० बाळांवर तिची परीक्षा झाली. पहिल्या वर्षात शंभरातली ५६ वाचली. पंच्याऐंशीपुढे हा आकडा लहान दिसतो. पण आपल्याकडे हगवणीने जाणारी बाळेच इतकी, की त्या निम्म्यांचे मोल फार मोठे. २०१६ सालापासून रोटाची लस सरकारी लसीकरणात आली, महाराष्ट्रात २०१९ साली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या बाळाला ती पोलिओच्या थेंबांबरोबरच पाजतात.