तीन अंकांची पट्टी, सहा अंकांची मोजणी

१८०४ साली विल्यम लॅम्टन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात बेंगळुरूजवळ सुमारे सात मैलांची आधाररेषा मोजण्यात आली. मद्रासच्या आधाररेषेपासून त्रिकोणांच्या साखळीने काढलेली तिची लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत जेमतेम चार इंचांचा फरक निघाला. लाखात एखाद्या भागाची ही अचूकता टिकवायची, तर आकडेमोडही सहा-सात अंकांपर्यंत बिनचूक हवी. अशा कामाची भिस्त लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरच असे, कारण दहा इंची स्लाइड रूलवर, म्हणजे सरकत्या गणनपट्टीवर, खात्रीने वाचता येतात ते तीनच अंक.

तरीही ही पट्टी सूक्ष्म कामाला लावता येते. त्यासाठी तिच्यावर पूर्ण लांबी न काढता फक्त दुरुस्ती काढायची. दोन अंशांच्या उतारावर १०० मीटर मोजले, तर आडवे अंतर ९९.९३९ मीटर भरते. १०० ला कोसाइनने गुणताना पट्टीवर हा फरक दिसतही नाही. मात्र अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग दुप्पट करून १०० ने गुणला, की ०.०६०९ मीटर ही वजावट थेट मिळते आणि चूक मिलिमीटरच्या दशांशाच्या घरात राहते. बेंगळुरूचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तिथली ११ किलोमीटरची रेषा समुद्रसपाटीवर उतरवताना १.५५ मीटर वजा होतात. इथेही तीन अंक पुरतात. पट्टी जुनीच, पण विचारण्याची रीत बदलली. पुढच्या सुधारणा धरूनही सर्वांत सुंदर हीच.

दुसरा मार्ग पट्टीच लांबवण्याचा. बेलफास्टचे प्राध्यापक जॉर्ज फुलर यांनी १८७८ मध्ये ४१ फूट ८ इंचांची मापपट्टी नळकांड्यावर मळसूत्रासारखी गुंडाळली आणि चार-पाच अंक हाती आले. तिच्या फुलर-बेकवेल प्रकारात कोसाइनचा वर्ग आणि साइन-कोसाइनचा गुणाकार यांच्या मापपट्ट्या होत्या. दुर्बिणीतून दूर उभ्या केलेल्या मापनदंडावरचे आकडे वाचून आडवे अंतर व उंची काढताना नेमके हेच दोन गुणक लागतात.

पुढे हाताने फिरवायची गणनयंत्रे आली. जर्मनीच्या ब्रुन्स्विगा कंपनीने दोन यंत्रे एका हँडलला जोडली. एका बाजूला रेषेच्या दिशाकोनाचा साइन, दुसऱ्या बाजूला कोसाइन लावून अंतराच्या प्रत्येक अंकाइतके फेरे दिले, की रेषेच्या दोन टोकांमधला पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा फरक एकदमच मिळे. चिन्हे विरुद्ध असतील, तर एक यंत्र उलट फिरेल अशी जोडणी करता येई. गुणाकार यंत्राकडे गेल्यावर लॉगॅरिथमची गरज उरली नाही. टेबलावर साइन-कोसाइनच्या थेट किमतींची कोष्टके आली.