खिशातल्या पात्यांची तीन शतके

मनुष्याने अंगावर बाळगलेल्या वस्तूंपैकी अलंकारांचा इतिहास लिहिला गेला, शस्त्रांचा लिहिला गेला, घड्याळाचाही लिहिला गेला. परंतु ज्या मिटत्या चाकूने शेतकऱ्याने बांधावर बसून पाव कापला, मेंढपाळाने मेंढीचा खूर साफ केला, कारकुनाने लेखणी तासली आणि पोराने ओल्या फांदीची शिट्टी कोरली, त्या चाकूच्या वाट्याला इतिहासकारांची शाई फारच बेताने आली. असे चाकू जमवीत असता, एकाशेजारी एक मांडून त्यांची लांबी, पात्यांचे घाट आणि मुठींची वळणे ताडून पाहता पाहता माझी अशी खात्री होत गेली की, या आकारांमध्ये लहरीचा भाग अत्यल्प आहे. चाकूचा प्रत्येक रूढ नमुना म्हणजे काम आणि खिसा या दोन पक्षांत झालेला तह होय. कामाचा आग्रह लांब आणि भक्कम पात्यासाठी, खिशाचा आग्रह आखूड आणि हलक्या मुठीसाठी. आणि ज्या मापावर दोघांचे समाधान झाले, ते माप पिढ्यान्‌पिढ्या कायम राहिले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, अशा सुमारे तीन शतकांत हे तह कोठकोठे आणि कोणत्या शर्तींवर झाले, त्याचा हा मागोवा आहे.

मुठीत मिटणारे पाते ही कल्पना प्राचीन आहे. ऑस्ट्रियातील हॉलस्टाट येथे लोहयुगातील मिटता चाकू सापडला आहे आणि रोमन लोकही असे चाकू वापरीत. परंतु त्या चाकूंत पाते उघडे राही ते केवळ खिळ्याभोवतीच्या घर्षणाच्या बळावर. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडात शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसविण्याचा प्रघात रूढ केला. पाते उलगडताना ही कमान किंचित उचलली जाते आणि पाते पुरते उघडताच त्याच्या बुडावर खटकन बसते. शेफील्डला चाकूंची परंपरा नवी नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या एका कथेतील गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचाच चाकू खोचलेला दाखविला आहे. डोंगरातून उतरणाऱ्या लहान नद्यांचे पाणी तेथील शाणांची चाके फिरवी आणि शाणेचा दगडही जवळच निघे. 1624 साली पार्लमेंटच्या कायद्याने चाकूकारांच्या संघास सनद मिळाली, 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळविलेले एकजीव पोलाद सिद्ध केले, आणि मग घडणारा, धार लावणारा व जोडणारा अशा तीन स्वतंत्र कसबांच्या वाटणीतून तेथे जो माल निघू लागला त्याने जगाच्या बाजारपेठा भरून टाकल्या. जोसेफ रॉजर्स या पेढीला 1764 साली मिळालेली तारा आणि माल्टी क्रूस ही निशाणी पुढे हिंदुस्थानच्या बाजारातही खऱ्या मालाची खूण म्हणून ओळखली जाऊ लागली.

या पहिल्या कालखंडातला सर्वांत लहान तह लेखणीने घडवून आणला. हंसाच्या पिसाची लेखणी वारंवार तासावी लागे आणि तिच्या टोकाला सूक्ष्म चीर द्यावी लागे; त्या कामाला अंगठ्याएवढे, पातळ आणि अतितीक्ष्ण पाते पुरे. म्हणून मिटलेल्या स्थितीत अडीच ते तीन इंचांचा, दोन्ही टोकांना एकेक पाते असलेला, शिंपल्याच्या किंवा हस्तिदंताच्या मुठीचा चाकू लिहिणाऱ्याच्या बंडीत शिरला. आपल्याकडे पेशवे दप्तरातील मोडीच्या रुमालांवर ज्यांची अक्षरे आजही टवटवीत दिसतात, त्या कारकुनांनाही बोरूचे टोक तिरपे छेदण्यासाठी असेच धारदार पाते जवळ ठेवावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाक मुबलक निघू लागले आणि पिसाची लेखणी मागे पडली. चाकू मात्र मागे पडला नाही. कामाचा पक्ष नाहीसा झाला तरी खिशाचा पक्ष संतुष्ट होता, आणि तेच माप पुस्तकाची न कापलेली पाने फाडण्यास, फळ सोलण्यास व टपाल उघडण्यास उपयोगी पडत राहिले.

याच्या अगदी उलट टोकाला बार्लो नावाचा नमुना उभा आहे. साडेतीन इंचांच्या किंचित आतली, अश्रुबिंदूसारखी एका टोकाला फुगलेली मूठ, आणि पाते जेथे जडविलेले असते तेथे मुठीच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचा लोखंडी बंद, एवढीच त्याची ओळख. मोडते ते बहुधा सांध्याजवळ. म्हणून सर्व बळकटी तेथे ओतावी आणि बाकीच्या सौंदर्यावर पैसा खर्चू नये, हा त्यामागचा स्वच्छ हिशोब आहे. शेफील्डहून निघालेला हा स्वस्त चाकू अमेरिकेत इतका रुजला की, 1876 साली मार्क ट्वेनने टॉम सॉयरच्या हाती साडेबारा सेंटांचा बार्लो दिला तेव्हा वाचकांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज उरली नव्हती. त्याच शेफील्डमध्ये रॉजर्सच्या पेढीने 1822 साली तितक्याच पात्यांचा एक प्रचंड चाकू रचला, आणि 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा नॉरफोक चाकू घडविला. कौशल्याची परिसीमा म्हणून त्यांना माझा नमस्कार आहे. परंतु ज्यांत खिशाचा पक्षच बोलावला गेला नाही, असे ते एकतर्फी करार होत, आणि कौशल्याची वाहवा मिळूनही त्यांच्यामागून नवा नमुना रूढ झाला नाही.

फ्रान्समध्ये प्रत्येक परगण्याने आपला चाकू निराळा केला. ओब्राक पठारावरील लागिओल या गावात 1829 च्या सुमारास आकारास आलेला कमनीय, निमुळता चाकू गुराख्यांचा होता. 1840 च्या सुमारास त्यात जी आरी शिरली ती चामड्याला भोके पाडण्याच्या आणि पोट फुगलेल्या जनावराचा वायू मोकळा करण्याच्या कामी येई. पुढे त्या भागातील माणसे उपजीविकेसाठी पॅरिसला जाऊन पेयगृहांत नोकऱ्या करू लागली, आणि 1880 च्या सुमारास त्याच मुठीत बूच काढण्याचा मळसूत्री काटाही आला. एका परगण्याच्या स्थलांतराची नोंद लोखंडात अशी स्वच्छ उमटलेली मी अन्यत्र पाहिली नाही.

सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये जो चाकू सिद्ध केला, त्याची गोष्ट मापांच्या अभ्यासकाने सावकाश वाचण्याजोगी आहे. बीचच्या लाकडाची गोल मूठ, तिला पाडलेली एक खाच, टोकाला किंचित वर वळलेले पाते, एक खिळा आणि एक धातूचा बंद: यापलीकडे त्यात काही नव्हते, पाठीची कमानही नव्हती. 1897 च्या सुमारास त्याने याच एका घाटाचे एक ते बारा असे क्रमांक लावले. पहिल्या क्रमांकाचे पाते अवघे 2 सेंटिमीटरचे, बाराव्याचे 12 सेंटिमीटरचे. दुसऱ्याचे साडेतीन आणि सर्वांत लोकप्रिय झालेल्या आठव्याचे साडेआठ. पहिला क्रमांक घड्याळाच्या साखळीला अडकविण्याखेरीज फारसा उपयोगाचा नव्हता आणि अकरावा आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या फार जवळ होता, म्हणून 1930 च्या दशकात हे दोन्ही यादीतून कमी करण्यात आले. हे क्रमांक ओळीने मांडले म्हणजे ध्यानी येते की, येथे घाट एकच आहे आणि बदलते ते केवळ माप. पात्याला उघड्या स्थितीत जखडणारे फिरते कडे 1955 मध्ये मार्सेल ओपिनेलने बसविले. घाटाला त्यानेही धक्का लावला नाही.

आता अमेरिकेच्या नमुन्यांकडे वळावे म्हणजे चित्र नेमके उलटे होते. 1890 च्या मॅकिन्ले जकातीने शेफील्डच्या मालाला अमेरिकेचे दार जवळजवळ बंद केले आणि पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या राज्यांतील कारखान्यांना ऊर्जितावस्था आली. त्यांनी प्रचारात आणलेले नमुने एका पट्टीवर मोजले, तर बहुतेकांची मिटलेली लांबी साडेतीन ते सव्वाचार इंचांत सामावते. माप जवळजवळ स्थिर, आणि बदलतो तो घाट. स्टॉकमन नावाचा गुरेवाल्यांचा चाकू घ्या. त्यात तीन पाती: टोकाशी खोलगट छाटलेले लांब पाते सर्वसाधारण कापण्यासाठी; सरळ धारेचे आणि बोथट नाकाचे दुसरे, खूर खरवडण्यासाठी व जनावर अचानक हलले तरी टोक रुतू नये यासाठी; आणि गोलसर नाकाचे तिसरे, वासरे खच्ची करण्याच्या नाजूक कामासाठी. सापळे लावणाऱ्यांच्या ट्रॅपरमध्ये, चार इंचांहून थोड्या अधिक लांबीच्या मुठीत, एकाच सांध्यावर दोन सारखी लांब पाती. एक टोकदार आणि दुसरे कातडे न फाडता सोलण्यासाठी बोथट. अशी पाती एकमेकांना न घासता मिटावीत म्हणून कारागीर त्यांना बुडाशी केसभर मुरड देतो. ही मुरड साधली की नाही, यावरून मी जुन्या कारागिराची पारख करतो.

ब्रॅडफर्ड येथील केस कारखान्याने या विविधतेला दप्तरी शिस्तही लावली. त्यांच्या 6254 या आकड्यात 6 म्हणजे कोरीव हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती आणि 54 म्हणजे ट्रॅपरचा घाट. 6318 म्हणजे हाडाच्या मुठीचा, तीन पात्यांचा मध्यम स्टॉकमन. आणि आरंभी 5 असेल तर मूठ सांबरशिंगाची. 1970 पासून पात्याच्या बुडावर दहा ठिपके उमटवून दरसाल त्यांतील एकेक कमी करण्याचा रिवाज त्यांनी पाडला, त्यामुळे त्या दशकातील चाकूचे साल नजरेनेच वाचता येते.

सावोयमध्ये एक घाट आणि बारा मापे, अमेरिकेत एक माप आणि अनेक घाट. हा भेद मला या संपूर्ण मागोव्याचे मर्म वाटतो. डोंगरी खेड्यातल्या प्रत्येक माणसाचे काम थोडेफार सारखेच होते, पाव, चीज, काठी आणि दोरी. भिन्न होते ते खिसे आणि हात. उलट अमेरिकेच्या विस्तीर्ण कुरणांत पोशाख एकसारखा होत गेला आणि धंदे मात्र वेगळे पडत गेले. मोजण्याच्या रीतीतही हाच भेद उतरला आहे: ओपिनेलचा क्रमांक पात्याचा विचार करून लावलेला, तर इंग्रज व अमेरिकन व्यापारी मिटलेला चाकू मोजणारा. पहिले माप कामाच्या बाजूचे, दुसरे खिशाच्या.

स्वित्झर्लंडने तिसराच मार्ग काढला. 1889 च्या नव्या बंदुकीचे स्क्रू उघडणे आणि डबाबंद अन्न फोडणे ही शिपायाची दोन नवी कामे होती; 1891 मध्ये आलेल्या सैनिकी चाकूत म्हणून पाते, आरी, डबा फोडण्याचे हत्यार आणि पेचकस अशी चार साधने आली. इबाखच्या कार्ल एल्सेनरने 1897 मध्ये नोंदविलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत एकच कमान मुठीच्या दोन्ही अंगांना राबविण्याची युक्ती होती, त्यामुळे लांबी न वाढता साधने दुप्पट झाली. पुढे प्रमाणभूत ठरलेले 91 मिलिमीटरचे माप त्याच वंशातले. जपानात 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आल्यानंतर, त्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिकी या लोहारांच्या गावी हिगोनोकामी नावाचा चाकू प्रचारात आला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्याला अंगठ्याने दाबण्याची लहानशी दांडी, एवढ्या साहित्यावर त्याने शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या पेन्सिली तासल्या.

आपल्या कोकणाचे नाव या यादीत मानाने घ्यावे लागेल. हापूसची भेट कलमे आणि पुढे पाचर कलमे बांधणाऱ्या माळ्याच्या हाती जो मिटता चाकू असतो, त्याचे पाते सरळ आणि बहुधा एकाच अंगाने धार दिलेले असते, कारण काडीवरचा छेद सपाट पडला नाही तर सालीला साल जुळत नाही आणि कलम मरते. गुलाबाचा डोळा भरण्याच्या चाकूला पात्याखेरीज हाडाची किंवा पितळेची एक बोथट जीभ असते. तिने साल न दुखवता उचलावयाची. जिवंत झाडाशी इतक्या अदबीने वागणारे हत्यार मी दुसरे पाहिले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास या तहांची मुदत संपत आली. 1913 मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रिअरलीने गंज न चढणारे पोलाद शोधले, त्यामुळे चाकू टिकाऊ झाले. परंतु पेन्सिलीला शार्पनर मिळाले, कागदाला ब्लेड मिळाले, गुरांना पशुवैद्य मिळाला, आणि कामे एकेक करून खिशाबाहेर गेली. जपानात 1960 नंतर मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीम झाली. इंग्लंडात 1988 च्या कायद्याने विनाकारण बाळगता येण्याजोगे पाते तीन इंचांचे आणि न जखडणारे ठरविले. ज्या मापाचा निर्णय शतकानुशतके काम आणि खिसा यांनी केला, तेथे आता सरकार हा तिसरा पक्ष आला. सार्वजनिक सुरक्षिततेचा अधिकार मी नाकारीत नाही. मात्र त्यामुळे जुने नमुने हातातून कपाटात गेले, आणि कपाटातल्या वस्तूचे काम लोक एका पिढीत विसरतात, ही चिंता मला वाटते.

म्हणूनच संग्राहकांना माझी विनंती आहे. चाकू निर्मात्याच्या नावावर किंवा किमतीवर मांडू नका, कामावर मांडा. प्रत्येकाची मिटलेली लांबी आणि पात्याची लांबी, दोन्ही लिहा, कारण त्या दोन आकड्यांतच तहाच्या शर्ती आहेत. झिजलेले पाते चकचकीत करण्याच्या मोहात पडू नका. झीज ही कामाची सही आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि वज्रीसारख्या नित्याच्या वस्तूंना संग्रहालयात जे स्थान मिळवून दिले, त्यामागे हीच दृष्टी होती. आणि ज्यांच्या घरी आजोबांचा एखादा मिटता चाकू खणात पडून असेल, त्यांनी तो कोणी, कोणत्या कामासाठी आणि किती काळ वापरला, एवढा तपशील वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवावा. हे काम आजच करावे, कारण सांगणारी माणसे फार काळ राहणार नाहीत.