विजेची मोटार आणि रोजचे चार्जिंग : काही गैरसमज

पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते आणि विजेच्या मोटारीला मात्र घरी नऊ-दहा तास लागतात, म्हणून अशी मोटार रोजच्या वापराला गैरसोयीची, हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. त्यातील आकडे खोटे नाहीत; परंतु बॅटरी पूर्ण रिकामी झाल्यावरच भरायची असते हे त्यामागील गृहीतक चुकीचे आहे. गीझर किंवा एसीसाठी घरात जे १६ अँपियरचे सॉकेट असते, त्यातून मोटारीला साधारण ३.३ किलोवॅट, म्हणजे तासाला सुमारे ३.३ युनिट वीज मिळते. लहान मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर धावते, असे धरले तर दिवसाला ४० किलोमीटर जाणाऱ्या माणसाला, चार्जिंगमधील घट धरूनही, सुमारे ७ युनिट पुरतात. ती दोन-सव्वादोन तासांत भरली जातात आणि त्या वेळी मालक झोपलेला असतो.

याच गैरसमजातून रस्तोरस्ती जलद चार्जर असल्याशिवाय विजेची मोटार घेता येणार नाही, ही समजूत निर्माण होते. बॅटरीला एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी, लागतो आणि घरातील प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, असतो. त्याचे रूपांतर मोटारीतीलच एक लहान उपकरण करते, म्हणून घरचे चार्जिंग संथ असते. जलद चार्जर हे रूपांतर स्वतःच करून डीसी थेट बॅटरीला पुरवतो. मात्र बॅटरी सुमारे ८० टक्के भरल्यावर तिला अपाय होऊ नये म्हणून प्रवाह कमी करावा लागतो आणि वेग मंदावतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर अशा चार्जरांवाचून बहुतेक मोटारींचे चालणार नाही, पण ठाण्याहून फोर्टला रोज जाणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडते.

पावसात चार्जिंग करताना विजेचा धक्का बसेल, ही भीतीही निराधार आहे, कारण मोटार आणि चार्जर यांच्यात संकेतांची देवाणघेवाण होऊन जोडणी सुरक्षित असल्याची खात्री पटल्यावरच प्रवाह सुरू होतो.

उलट बाजूचा गैरसमज अधिक घातक आहे : सॉकेट कोणतेही चालते. जुन्या इमारतींत अर्थिंग, म्हणजे बिघाडाच्या वेळी प्रवाह सुखरूप जमिनीत नेणारी जोडणी, सदोष असते आणि अशा ठिकाणी पुष्कळदा चार्जर चालूच होत नाही. साध्या एक्स्टेंशन बोर्डाची बारीक तार तर तासन्‌तास भार वाहून तापते व पेट घेऊ शकते. वाहनतळापर्यंत योग्य जाडीची स्वतंत्र केबल आणि एमसीबी, म्हणजे भार वाढल्यास प्रवाह आपोआप तोडणारा स्विच, यांना पर्याय नाही, आणि ज्याची मोटार रात्री रस्त्यावरच उभी राहते त्याची अडचण आजही खरीच आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या बैठकींत मांडला जाणारा आक्षेप मंजूर भाराचा, म्हणजे वीज कंपनीने इमारतीसाठी मान्य केलेल्या कमाल मागणीचा असतो. वीस मोटारी एकाच वेळी जोडल्या तर ६६ किलोवॅट लागतील, हे खरे. पण प्रत्येकीची रोजची गरज ७ युनिटची असेल तर एकूण १४० युनिट होतात आणि रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत पाळीपाळीने एका वेळी पाचच मोटारींना वीज दिली तरी ती साडेसोळा किलोवॅटमध्ये भागतात.