पंख दोन की चार?

सूरह नहलमुळे मधमाशी आपल्या घरातल्या लहानग्यांनाही ठाऊक असते. पण अंगभर लव आणि लांब सोंड असलेला, फुलासमोर हवेत तरंगत मध पिणारा प्रत्येक कीटक मधमाशी नसतो. पंख पाहा. मधमाशीला चार, हिला दोनच. ही बी-फ्लाय, म्हणजे माशीच. तिला नांगी नाही आणि सोंड ती माणसाला टोचत नाही. तेव्हा चप्पल उचलू नका!

युरोपात वसंतात दिसणारी ‘बॉम्बिलियस मेजर’ घ्या. जमिनीत बीळ करून एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांवर तिचा डोळा. (सगळ्याच मधमाश्या पोळ्यात राहत नाहीत.) मादी आधी पोटाच्या टोकाशी असलेल्या पिशवीत बारीक माती भरते, रव्यात वडी घोळवावी तशी अंडी तीत घोळवते आणि उडता उडता बिळाच्या तोंडाकडे भिरकावते. अंड्यातून निघालेली सडपातळ अळी सरपटत आत शिरते, मधमाशीची अळी वाढेपर्यंत थांबते, मग तिलाच चिकटून तिच्यावर पोसते आणि गलेलठ्ठ होते.

आईने बाळासाठी साठवलेल्या घरात हा प्रकार! वाचून राग येतो. पण तीच अळी माशी झाली की फुलाफुलांवर परागकण पोहोचवते. आणि जमिनीतल्या मधमाश्या संपल्या, तर तीही उरत नाही.