व्हॅलिनोमायसिन : पोटॅशियम वाहून नेणारा रेणू



अँटिबायोटिक जंतूंना मारतं, एवढं आपण मुलांना सांगतो. पण "मारतं म्हणजे नेमकं काय करतं?" असं कोणी विचारलं तर? सगळी अँटिबायोटिक्स एकाच पद्धतीने काम करत नाहीत. त्यातली एक पद्धत आज पाहू.

आधी एक सोपा प्रयोग. वाटीत थोडं तेल घ्या, चिमूटभर मीठ टाका आणि ढवळा. मीठ विरघळत नाही, तळाशी बसतं. पाण्यात मात्र लगेच विरघळतं. कारण पाण्यात मिठाचे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं तयार होतं. तेलाला हे जमत नाही.

पेशीचं पटलही स्निग्ध असतं, त्यामुळे आयन त्यातून सहज पार होत नाहीत. पेशी ऊर्जा खर्च करून आत पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी ठेवते. हा फरक बिघडला की पेशीचं कामकाजच कोलमडतं.

मातीतले काही स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू नेमकं इथेच बोट ठेवतात. ते व्हॅलिनोमायसिन नावाचा रेणू बनवतात. त्याची माहिती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. बांगडीसारख्या या रेणूत १२ घटक असतात. बांगडीची बाहेरची बाजू स्निग्ध पटलात सहज मिसळते. आतल्या बाजूला सहा ऑक्सिजन अणू असतात. ते पोटॅशियमला सगळीकडून धरतात. पोटॅशियम आपलं पाण्याचं कडं सोडून आत बसतो आणि बांगडी त्याला पटलापलीकडे नेऊन सोडते. मग दुसरी फेरी!

सोडियम का बसत नाही? तो लहान असतो. पोटॅशियमची त्रिज्या ०.१३३ नॅनोमीटर, तर सोडियमची ०.०९५. सहाही ऑक्सिजन त्याला नीट धरू शकत नाहीत, म्हणून पाण्याचं कडं सोडणं त्याला परवडत नाही. व्हॅलिनोमायसिन सोडियमपेक्षा पोटॅशियमला सुमारे १०,००० पट जास्त पसंती देतं.

आता पालकांसाठी महत्त्वाचं. हा रेणू पूर्णपणे नैसर्गिक आहे, पण तो जंतूची पेशी आणि माणसाची पेशी यांत भेद करत नाही. पटल आपल्याही पेशींना असतं. म्हणूनच तो आपल्याला गोळी म्हणून देत नाहीत. "नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही" हे वाक्य मुलांसमोर बोलताना हे उदाहरण जरूर आठवा.

तरीही हा रेणू आपल्या उपयोगी पडतोच. रक्तातलं पोटॅशियम कमी-जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ते अचूक मोजावं लागतं. ते मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या पातळ पटलात व्हॅलिनोमायसिन वापरतात. रक्तात सोडियम कितीतरी जास्त असलं, तरी ते पोटॅशियमच निवडतं.

वर्गात तेल-मिठाचा प्रयोग झाल्यावर मुलांना विचारा : मिठाला तेलातून पलीकडे न्यायचं असेल, तर त्याला कशात गुंडाळावं लागेल? उत्तरं ऐकण्यासारखी येतात.